बदकाने मान डोलावली

प्रिय ठमे,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल, घाबऱ्या माणसाचं आहे. तसं घाबरण्यासारखं आता काही उरलेलं नाही. जे भलतंसलतं मनात आलं होतं ते खोटं ठरलं, सगळे हसतायत, कार्यालयातल्या बाईंनी न मागता चहा आणून ठेवला. तरी मी चहाला हात लावलेला नाही. कारण संपलं आणि भीती तेवढी मागे राहिली, असं कधी झालंय का तुला? इथल्या संगणक शिकणाऱ्या मुलांची अशा वेळची एक रीत आहे. चूक सापडेनाशी झाली की कुणापुढे तरी बसायचं आणि पहिल्या ओळीपासून सगळं मोठ्याने सांगत सुटायचं. सांगता सांगता चूक आपली आपणच हाती लागते. मी तेच करणार आहे. तू मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. म्हणजे, वाच.

तुला घोक्या आठवतो? माझा शाळेतला विद्यार्थी, कविता म्हणताना डोळे मिटून डुलायचा. तू त्याची नक्कल करायचीस आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. तो आता विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाचा प्रमुख आहे. केस गेले, डुलणं तेवढं राहिलं. त्याच्या विभागात सर्वांसाठी खुलं व्याख्यान होतं, यंत्राला भाषा कळते का या विषयावर. मला विषयापेक्षा तिथल्या मऊ खुर्च्या आवडल्या आणि मी छान झोपलो. नंतर त्याच्या खोलीत बसलो, तर टेबलावर पिवळं रबरी बदक! म्हटलं, गाढवा, या वयात आंघोळीला खेळणं लागतं? तेव्हा त्याने मला ही रीत सांगितली. प्रोग्राम चालेना की मुलं बदकाला समजावून सांगतात, ही ओळ हे करते, ती ओळ ते करते, आणि मध्येच कपाळावर हात मारून पळतात. बदकाला काही कळायची गरज नसते. म्हटलं, हे तर मला जमण्यासारखं आहे. तो हसला नाही. म्हणाला, सर, खरंच याल का? बदक मान डोलावत नाही हो.

तर तुझा बाप बदक झाला. विभागाच्या फलकावर एक तक्ता आहे, विद्यार्थ्यांसाठी सोयी. प्रिंटर तळमजल्यावर, उसने लॅपटॉप आणि हेडफोन कार्यालयात, समुपदेशक मंगळवारी, आणि सगळ्यात खाली: बदक, जिन्याखालची खोली, दुपारी. प्रिंटरच्या आणि माझ्यामध्ये दोनच ओळींचं अंतर. प्रिंटर बिघडतो, मी नाही, असं मी मुलांना ऐकवायचो. ठमे, किती वर्षांनी मला कुणी फलकावर लावलं होतं!

खोली लहान आहे, एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावरून जिन्यातली पावलं. मुलं येतात, बदकआजोबा वेळ आहे का विचारतात आणि पडदा माझ्याकडे वळवतात. प्रोग्राम दिसायला अगदी कवितेसारखा असतो. ओळी कुठे आत सरकलेल्या, कुठे बाहेर, कंस उघडला की मिटेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा चालतो त्याला ही मुलं लूप म्हणतात, मी ध्रुवपद म्हणतो. कळत मला ओ की ठो नाही. मी फक्त हं म्हणतो, मग पुढे? म्हणतो. आणि शेवटी त्यांनी काही विचारलं, असं केलं तर चालेल का वगैरे, की माझं ठरलेलं उत्तर: बरोबर आहे, करून बघ. वर्गात घाबरणाऱ्या पोरांना मी तेच म्हणायचो.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. मला ऐकू येत नाही. आधी दाराची बेल गेली, मग पाखरं, मग बायकामुलींचे आवाज. जाड आवाजाची पोरं अजून बरी कळतात. पातळ आवाजातली व्यंजनं मात्र गळून पडतात आणि नुसते स्वर वाहत राहतात. तुझ्या बापाच्या नशिबात गंमत बघ, वृत्त ऐकू येतं, शब्द नाही. लघु कुठे, गुरू कुठे, यती कुठे, चोख कळतं. कविता कोणती ते कळत नाही. तुझी आई असती तर तिने दोन दिवसांत पकडलं असतं आणि कान धरून डॉक्टरकडे नेलं असतं. मी कुणाला बोललो नाही. कानात यंत्र घातलेलं बदक कोण ठेवून घेईल? आणि खरं सांगू, न ऐकताही काम चालत होतं. मी मान डोलावली की मुलांना त्यांची चूक सापडत होती. मला वाटलं, सुटलो.

इथे एक मुलगी यायची. बोलणं असं की मी तिचं नाव सुसाट ठेवलं होतं. बोटं पडद्यावर नाचवत ती बोलायची आणि मी नुसता तिच्या बोटांकडे बघायचो. गेल्या आठवड्यात विभागाची मोठी प्रोग्रामिंग स्पर्धा होती. वरच्या हॉलमध्ये टेबलं सरकवत होते, जिन्यातून खुर्च्या आदळत होत्या. त्या गडबडीत ती आली आणि समोर बसली. लॅपटॉप उघडला नाही. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती ना? हात मांडीवर. आणि बोलणं सुसाट नव्हतंच, थांबत थांबत होतं, जणू पाठ असलेली कविता कुणी मध्येच विसरावी. मी हं म्हणत गेलो. पुढे? म्हणत गेलो. शेवटी तिचा सूर वर गेला, म्हणजे प्रश्न. मी म्हटलं, बरोबर आहे, करून बघ. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझा हात घट्ट दाबला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, स्पर्धा. तिघांची टोळी, तिसरी खुर्ची रिकामी. तिचे दोन सोबती घामाघूम. मी खाली येऊन कार्यालयातल्या बाईंना विचारलं. त्या मोठ्याने बोलतात म्हणून माझं त्यांच्याशी जमतं. म्हणाल्या, अहो, ती तर काल सगळं परत करून गेली. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, पुस्तकं, कपाटाची किल्लीसुद्धा. म्हणे, आता लागणार नाही.

ठमे, आता लागणार नाही. मी तिथेच बाकावर बसलो. तिचा फोन बंद, ती खोलीवर नाही. तिची मैत्रीण रडत माझ्याकडे आली, चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणून ओरडली, आजोबा, ती शेवटी तुमच्याकडेच बसली होती, काय म्हणाली? मग टोळीतल्या मुलाने विचारलं. मग घोक्याने. काय म्हणाली, सर? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्याकडे काय होतं? नुसती चाल. दोन लांब ओळी, एक तुटलेली, मग एक प्रश्न. त्या प्रश्नात कुठलाही शब्द बसत होता. मी एक एक बसवून बघत होतो. विभागामागे तळं आहे, मुलं तिथे डबा खायला जातात. मी काठाकाठाने चालत गेलो, पाण्याकडे बघायची हिंमत होईना. परत आलो तो जिना चढून गच्चीचं दार ओढून बघितलं. कुलूप होतं. त्या कुलपाला मी हात जोडले, हसू नकोस.

शेवटी घोक्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि सांगितलं की मला ऐकू येत नाही. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने पेन उचललं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कधीपासून? माझ्याच शिकवणीचं वळणदार अक्षर. मला रडूच आलं.

तिच्या घरचा फोन लागेना. शनिवार गेला. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी ह्याच काळजीत फिरत होतो, म्हणून तुला काही बोललो नाही. सोमवारही तसाच गेला आणि आज सकाळी घोक्या धावत खाली आला. सापडली! आईकडे आहे, सुखरूप आहे. दोन वर्षांपासून विषय राहत होते, घरी खोटंच सांगत होती. त्या दिवशी ती मला हेच म्हणाली होती म्हणे, की हे मला झेपत नाही, माझं मन इथे लागत नाही, आईला खरं सांगून टाकू का? आणि, तिच्या शब्दांत, आजोबा म्हणाले, करून बघ. घरी रडारड झाली, मग जेवणं झाली. माझ्यासाठी निरोप आहे, आजोबांना सांगा, करून बघितलं. टोळीतली पोरं टाळ्या वाजवत होती. बाई म्हणाल्या, तुमचा शब्द देवासारखा आला हो. घोक्या डुलत होता.

मी हसलो. आणि भीती तशीच. कारण, ठमे, तिचा प्रश्न दुसरा असता तरी चाल तीच असती. मी तेच उत्तर दिलं असतं, तशीच मान डोलावून. पण तोही धोका टळला ना? मुलगी घरी जेवतेय. मग आता कशाची भीती? इतकं सगळं ओळीने सांगितलं, कुठे काही सुटलंय का म्हणून मी मागे जाऊन पुन्हा वाचत होतो. स्पर्धा. बाक. तळं. कुलूप. फळा. शनिवार. रविवारी तुझा फोन.

सापडली. चूक सापडली, बाळा.

रविवारी तू नेहमीसारखी बोलली नाहीस. तुझी चाल मला पाठ आहे, आधी धावतं वृत्त, मध्ये हसणं, शेवटी माझी शाळा घेणं. परवा हसणं आलंच नाही. तू खूप वेळ बोललीस, ओळी तुटत होत्या, एकदा नुसता श्वास ऐकू आला. माझं चित्त तळ्यावर होतं. मग तुझा सूर वर गेला, चारपाच अक्षरं असतील, आणि तू थांबलीस. मी काय म्हणालो ते मला पक्कं आठवतंय. मी म्हणालो, बरोबर आहे, करून बघ.  तू फोन ठेवलास. रोज येणारा तुझा फोन त्यानंतर आलेला नाही, आणि मला ते आत्ता, या ओळीवर येईपर्यंत दिसलं नव्हतं. काय विचारलंस तू मला? जे काही असेल, मी ते ऐकलेलं नाही. तो होकार नव्हता, ठमे, ती नुसती सवय होती. ही पानं आत्ता बाईंकडे देतो, त्या स्कॅन करून तुझ्या मेलवर पाठवतील आणि मी त्यांच्या टेबलापाशी उभा राहीन. जे करायचं ठरवलं असशील ते अजून केलं नसशील तर तसंच ठेव. केलं असशील तरी सांग, मी आहे. फोन नको, मला कळणार नाही. लिही. मोठ्या अक्षरांत, पहिल्या ओळीपासून. मी मान डोलावणार नाही, नीट वाचेन.

तुझाच,
बाईंच्या टेबलापाशी उभा असलेला
बाबा