फेतूच्या हातातली रॅकेट

प्रिय लोसा,

तुझं पत्र मंगळवारच्या बोटीने आलं. कमिटीच्या नावाने होतं, म्हणजे ते महिलांच्या बैठकीत वाचून दाखवायला हवं होतं. मी ते घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि सांगितलं, लोसा आपियात बहिणीकडे खुशाल आहे. बायकांनी तुला आठवण सांगितली आहे. यंदा फणसाला फळ फार धरलंय, विलायती फणस खाऊन खाऊन डुकरंसुद्धा कंटाळली. तुझं घर बंदच आहे. घरापुढचं तुझ्या फेतूचं थडगं मी दर शनिवारी झाडते, समुद्रावरचे पांढरे खडे आणून पसरते. येणारेजाणारे म्हणतात, "मैत्रीण असावी तर तेलेसियासारखी." मी खाली मान घालून झाडत राहते.

तापाची साथ आली त्या वर्षी माझ्या भावाने सिडनीहून डास मारायच्या रॅकेटींची दोन खोकी पाठवली होती, आठवतं ना? बटण दाबून फिरवली की तडतड व्हायची, निळी ठिणगी उडायची आणि केस जळल्यासारखा वास यायचा. घरटी एक मी वाटली. आपले गावप्रमुख सभेत खांद्यावर चवरी टाकतात, तशी रॅकेट खांद्यावर टाकून मी घरं तपासत फिरायचे. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "उठा गं, अध्यक्षीणबाई आल्या! आता डासही उठून उभे राहतील." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण नंतर तू म्हणालीस, "तेले, उडणारे किती मारशील? साठलेल्या पाण्यात बघ, अळ्या तिथे असतात." तू इस्पितळात चार वर्षं काम केलेलं, तुला ठाऊक होतं. मला मात्र ते झोंबलं. मी म्हणाले, "आधी तुझ्या ऑर्किड लावायला जमवलेल्या करवंट्या बघ." लोसा, तू त्याच दिवशी त्या सगळ्या उलट्या करून ठेवल्यास. मी फाटकातून पाहिलं होतं.

आमच्या डुकरांच्या कुंपणामागे माझ्या नवऱ्याच्या, इओसेफाच्या ट्रकचे जुने टायर होते. अकरा. वर केळीची पानं टाकलेली. एका दुपारी मी पान उचललं, तर आतलं पाणी वळवळत होतं. मी इओसेफाला सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारी बघू, जड आहेत ते." मी हो म्हटलं. हलवायला चार माणसं बोलवावी लागली असती, आणि अध्यक्षीणबाईंच्या परसात काय निघालं हे संध्याकाळच्या आत तुझ्या कानावर आलं असतं. म्हणून मी पान परत झाकलं आणि रोज दुपारी तिथे जाऊन रॅकेट फिरवत राहिले. हात दुखेपर्यंत फिरवायचे.

फेतू शाळेतून थेट माझ्याकडे यायची, ते तुला माहीत आहे. तिला त्या रॅकेटचं वेड होतं. पुढचे दोन दात पडलेले, त्यातून शब्द निसटायचे. "मावशी, आज कुठले मारू?" मी म्हणाले, "मागे जा बाळ, कुंपणापाशी पुष्कळ आहेत." मीच म्हणाले. एकदा नाही, आठवडाभर. ती पाय खाजवत परत यायची. "मी तेवीस मारले मावशी, पण त्यांनीपण मला खूप मारलं!" आम्ही दोघी खदखदून हसलो होतो. पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला. बाकीचं तुला सांगायचा मला अधिकार नाही.

तिला पुरलं त्या सकाळी मी प्रार्थनेला उशिरा पोचले. तू माझा हात धरून म्हणालीस, "इतक्या माणसांचा स्वयंपाक एकटीने कशाला केलास गं?" मी स्वयंपाक करत नव्हते. सगळं गाव चर्चमध्ये असताना इओसेफा आणि मी ते टायर ट्रकमध्ये चढवून जुन्या खाणीत टाकत होतो. तू धरलेल्या हाताला अजून काळं लागलेलं होतं. तुला वाटलं, चुलीची काजळी.

तीन दिवसांनी आरोग्य खात्याची माणसं आली. तोवर दोनदा पाऊस पडून गेला होता. तुझ्या घरात आल्यागेल्या पाहुण्यांच्या गर्दीत कुणी करवंट्या पुन्हा उताण्या केल्या, कोण जाणे. दोन करवंट्यांत अळ्या सापडल्या. बैठकीत दोषी घराचं नाव अध्यक्षीणबाईंनी वाचायचं असतं. मी वाचलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आईच्याच दारात होतं की पाणी." तू माझ्याकडे बघितलंस. मी कागदाकडे बघत राहिले. पुढच्याच महिन्यात तू घराला कुलूप लावलंस.

आणि आता तीन वर्षांनी तू लिहितेस, "माझ्या हलगर्जीपणाने माझी लेक गेली आणि गावाला बट्टा लागला, कमिटीने मला माफ करावं, तिच्या वाढदिवसाला मला थडग्यापाशी बसू द्यावं." लोसा, हे पत्र मी कसं वाचून दाखवू? काल मी पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. आज दुपारी बैठकीत बायकांना सांगितलं. एकेक करून सगळ्या उठून गेल्या. इओसेफा म्हणतो, तोही येईल. सोमवारी पहिल्या बोटीने आम्ही निघतो. मंगळवारी उजाडताना तुझ्या बहिणीच्या दारासमोर दोघं जण बसलेले दिसतील, माफी मागणाऱ्यांसारखी डोक्यावरून बारीक विणीची चटई पांघरलेले. आपल्यात चटई उचलून माफ करायला उशीर करायचा नाही अशी रीत आहे, माहेरचेही तुला घाई करतील. ती रीत तू पाळू नकोस. आम्हांला उन्हात बसू दे. दुपार होऊ दे, संध्याकाळ होऊ दे. तुला वाटलं तर ये, नाही वाटलं तर दार उघडूसुद्धा नकोस. फक्त त्याआधी तुला एवढं कळायला हवं होतं, की तुझ्या हातून काहीही घडलं नव्हतं. म्हणून हे पत्र आधी पाठवते आहे.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
तेलेसिया