पहिल्या डब्याच्याही पुढे

सोमवार, ३ मार्च

कॉफीचा चमचा पुन्हा गायब! विचारलं तर ग्रिसेल्डा म्हणते, "पर्समध्ये आहे. गाडीत पापण्या करते."

आता यात नवल काही नाही. मेट्रोत निम्म्या बायका तेच करतात. गाडी बोगद्यात हेलकावे खात असते आणि ह्या बाया चमच्याच्या कडेनं पापण्या वळवत असतात. डोळ्यात मात्र एकीच्याही जात नाही. पण माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून हा नखरा कधी केला नव्हता. तिकिटाच्या खिडकीत काचेआड बसणाऱ्या बाईच्या पापण्या बघतो कोण?

कोणीतरी बघत असणार.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी नेहमीसारखे दोघं घरून निघालो. ताकुबा स्टेशनच्या जिन्यापाशी तोमासा मावशींच्या गाडीवर एकेक तमाल खाल्ला, मक्याच्या पिठाचा, पानात वाफवलेला. खाली फलाटावर मी माझ्या कठड्याशी उभा राहिलो – पलीकडे बायकांचे डबे, पुरुष घुसला की मी शिट्टी मारायची, हीच माझी नोकरी. तिनं गालावर ओठ टेकवले आणि गेली. पण कुठं? नेहमी दुसऱ्या डब्यात चढते. आज सरळ फलाटाच्या टोकाकडे निघाली, पहिल्या डब्याच्याही पुढे. मग गर्दीत दिसेनाशी झाली.

बुधवार, ५ मार्च

झोप नाही. ती मात्र ढाराढूर!

गुरुवार, ६ मार्च

पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ड्रायव्हरच्या केबिनचं दार आतून उघडलं. हात पुढे आला, तिनं तो धरला आणि टुणकन आत! हात आन्सेल्मो ड्रायव्हरचा. तोच तो कुरळ्या केसांचा, दात दाखवत फिरणारा.

फिदेन्सिओनंही पाहिलं. माझ्याच जोडीला असतो तो, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाला, "काय रे तेयो, वहिनींना डब्यात जागा मिळेना वाटतं?" मी हसलो. दुसरं काय करणार? तर पुढे सुरू – "मागे एकानं मैत्रिणीला केबिनमध्ये घेतलं, नोकरी गेली त्याची. पण बायकांना ड्रायव्हरच आवडतात गड्या! आपल्यासारख्या शिट्टीवाल्यांना कोण विचारतो?"

अंगाचा तिळपापड झाला. समोर एक म्हातारा नुसता वाट विचारायला आला होता, त्याच्या कानात शिट्टी फुंकली.

ड्रायव्हर! मी पण दोनदा बसलो होतो त्या परीक्षेला. दुसऱ्यांदा तर सगळं सुरळीत चाललं होतं. बोगद्याचं तोंड आलं आणि हात गोठला. परीक्षक म्हणाला, "बाबा रे, तुला माणसं आवरता येतात. तीच आवर." घरी आल्यावर ग्रिसेल्डानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हणाली, "ड्रायव्हर होऊन काय करायचं? जन्मभर उंदरासारखं बिळात!"

आणि आता त्याच बिळात स्वतः शिरते – दुसऱ्याचा हात धरून.

शनिवार, ८ मार्च

मिरच्या भाजत होती, गुणगुणत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आन्सेल्मो कसा आहे?"

हात थांबला. "कोण आन्सेल्मो?" – पण हे जरा उशिरा आलं.

"तुला माहीत आहे कोण."

तिनं गॅस बंद केला. "तेयो, बोलायचंय तुझ्याशी. पण आत्ता नको. शुक्रवार होऊ दे."

शुक्रवारी काय आहे? जाणार आहे का सोडून? जायला मुहूर्त काढलाय का दोघांनी? मी ताटावरून उठलो. कोचावर आडवा झालोय. ती उठवायलाही आली नाही.

मंगळवार, ११ मार्च

तोमासा मावशी म्हणाल्या, "ग्रिसेल्डा हल्ली कशी फुललीय रे!" तमाल तसाच टाकून निघालो.

शुक्रवार, १४ मार्च

आज त्याला मारायलाच गेलो होतो.

गाडी लागली. कठडा फिदेन्सिओवर सोडला आणि बायकांच्या गर्दीतून घुसलो. "अहो, हा बायकांचा भाग आहे!" – मलाच सांगतात! केबिनच्या दारावर मूठ आपटली. आन्सेल्मोनं उघडलं. कॉलर धरणार, एवढ्यात आत नजर गेली.

ड्रायव्हरच्या जागेवर ग्रिसेल्डा. हात दांड्यावर. मागे उभा तोच परीक्षक. मला नापास करणारा.

आन्सेल्मो कुजबुजला, "तेयोदादा, हळू! तिची परीक्षा चाललीय."

परीक्षकानं मान वर केली. "हा कोण?"

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "फलाटावरचा माणूस आहे, साहेब. सगळी दारं मोकळी आहेत, ते सांगायला आलाय."

मी मान हलवली. दार लागलं. गाडी निघाली – एक झटका नाही, काही नाही. बोगद्यात अशी गेली की बस.

संध्याकाळी ओक्साबोक्शी रडली. रजा काढून आन्सेल्मोच्या हाताखाली शिकत होती म्हणे. "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "तू 'छान' म्हणाला असतास आणि आतून जळला असतास. नापास झाले असते तर तुला कळूसुद्धा द्यायचं नव्हतं."

"मग त्या पापण्या कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? गाडी बोगद्यातून बाहेर येते ना, तेव्हा फलाटावरच्या सगळ्यांची तोंडं माझ्याकडे असतात, तेयो! जन्मात कधी कोणी असं बघितलं नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं. घ्यायलाच हवं होतं.

शनिवार, १५ मार्च

पास झाली. आन्सेल्मोशी तिचं काही असतं तर बरं झालं असतं. माफ तरी करता आलं असतं.