पुढच्या बंपरवरच्या अंगठ्याबद्दल

मी, वय एकवीस, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, उद्या सकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन होणार असलेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बाबांचं मत वेगळं आहे. डॉक्टर "किरकोळ आहे" म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

१. कॉलेजची पुस्तकं बाबांना. नवीकोरी आहेत.

२. रंगाचा फवारा, म्हणजे एअरब्रश, दादाला. चष्मिस मित्राला देऊ नये. मागे न धुता परत केला आणि वर मलाच म्हणाला, "एवढं काय त्यात?"

३. माझ्या अर्धवट मॉडेल गाड्या जो पुऱ्या करेल त्याने प्लास्टिकला आधी चकचकीत काळा रंग द्यावा. तो आरशासारखा वाळू द्यावा. मग क्रोमचा रंग अगदी विरळ, धुक्यासारखा मारावा. बाबा विचारतात, "चंदेरीखाली काळा कशाला?" मला नीट सांगता येत नाही, पण काळ्याशिवाय पत्र्याचा डबा दिसतो. क्रोमला बोट लावू नये.

४. लाल गाडी रंगाच्या दुकानातल्या तिला. बोट लावायचं नाही हे मला तिनेच शिकवलं. आणि गेल्या आठवड्यात ओल्या बंपरवर तिनेच अंगठा टेकवला. मी भडकलो, "कळत नाही का तुला?" ती म्हणाली, "कळतं की," आणि निघून गेली. म्हणजे काय? खोडी काढली? की रागावली होती? की तिसरंच काही? स्पिरिटने पुसलं तर ठसा जाईल. दोनदा बोळा भिजवला, दोनदा फेकून दिला. वरून पारदर्शक रंग मारला तर ठसा टिकेल, पण चमक मरेल. म्हणून बंपर आहे तसा द्यावा. पुसायचं की नाही ते तिने बघावं.

हे लिहून झाल्यावर दुसरा साक्षीदार मिळेना. वकिलाकडे टायपिंग करणारा माझा दादा दुकानातून तिलाच घेऊन आला. तिने सगळं वाचलं, चौथं कलम दोनदा.

दादा म्हणाला, "तू साक्षीदार झालीस तर गाडी तुला नाही हं मिळायची. साक्षीदाराला वाटा नसतो. मी तर फवाऱ्यावर पाणी सोडलंच आहे."

"नकोच मला अशी मिळायला. ह्याला म्हणावं, शुद्धीवर आलास की स्वतः आणून दे."

मी समोरच बसलो होतो.

आता चौथं कलम कोणाच्या नावावर करायचं ते मला कळत नाही. जागा मोकळी सोडली आहे.

ठिकाण : आमचं जेवणाचं टेबल
तारीख : ऑपरेशनच्या आदला दिवस
लिहून देणार : मी (सही)
साक्षीदार पहिला : दादा (सही)
साक्षीदार दुसरी : ती. सही येते, तरी शाई मागून अंगठा उठवला. वाळेपर्यंत कोणी बोट लावू नये.