‘येते’ म्हणाली

टी. नगर, चेन्नई
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

ती. कुमुदिनी मावशीस,

कौमुदीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण डावा गाल सध्या कशालाही टेकत नाही, तेव्हा सात अंगांवर भागव. तुझी पाठ, शाळेची गळकी टाकी आणि आईचं ब्लड प्रेशर, तिन्ही ताब्यात असतील असं धरून पुढे लिहिते. निबंधात आधी काय घडलं ते लिहावं, काय वाटलं ते नंतर, असं तू मुलींना शिकवतेस. त्याप्रमाणे, काय घडलं:

१. सोमवारपासून माझी खालची डावी अक्कलदाढ दुखते आहे.
२. काल, शनिवारी, सकाळी अकरा वाजता मी पाँडी बाजारामागच्या एका दंतवैद्यांकडे गेले.
३. नाव सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही.
४. डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं आणि मराठीत म्हणाले, “उशीर केलास.”
५. मी त्यांना याआधी कधीही भेटलेले नाही.
६. दाढ अजून जागेवर आहे. ती शुक्रवारी, १७ तारखेला काढायची ठरली आहे.

आता विस्तार. मी चेन्नईची नोकरी घेतली तेव्हा घरात फक्त तू विरोध केलास, आणि कारण दिलंस की तिथल्या पाण्याने दात जातात. (पगार, उकाडा, भाषा, एकटी मुलगी ही नेहमीची चार कारणं सोडून पाचवंच निघालं, म्हणून लक्षात राहिलं.) पाण्याबद्दल मी चौकशी केली. पाणी वाईट आहे, पण ते केसांना. दातांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. गिंडीच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दुसऱ्यांची मोजमापाची साधनं नीट मोजतात की नाही ते मोजतो. तिथे माझ्या शेजारी बसणारे नारायणस्वामी या विषयातले जाणकार आहेत, म्हणजे त्यांच्या तोंडात स्वतःचं असं फार थोडं उरलं आहे. त्यांनी आधी दाढ वरची की खालची ते विचारून घेतलं, कारण वरची काढली तर त्या बाजूचा डोळा जातो. त्यांच्या आत्तैचा, म्हणजे आत्याचा, गेला. मी विचारलं, आत्तैचं वय काय होतं. एक्याऐंशी, म्हणाले. मग एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. हे डॉक्टर म्हातारे आहेत पण हात स्थिर आहे, माणसं विसरतात पण तोंड विसरत नाहीत, एवढी शिफारस केली. मला ती तेव्हा शिफारसच वाटली.

दवाखान्यात चंद्रिका नावाची बाई बसते. ती नाव विचारत नाही, हातात कोरी चिठ्ठी देते: तुमचा प्रश्न लिहा. प्रत्येक पेशंटने आत जाण्याआधी एक प्रश्न लिहायचा, डॉक्टर त्याचं उत्तर आधी देतात आणि हत्यार नंतर उचलतात, अशी इथली पद्धत आहे. तीसेक वर्षांचे प्रश्न वह्यांत चिकटवलेले आहेत आणि वेळ जावा म्हणून त्या वह्या बाकावर ठेवलेल्या असतात. मी दोन वाचल्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द आहे, ‘वलिक्कुमा?’, म्हणजे दुखेल का. (उत्तर: आत्ता दुखतंय त्यापेक्षा कमी.) नारायणस्वामींचा डोळ्याचा प्रश्न एकोणतीस वेळा आला आहे. (उत्तर: डोळ्याची तार वेगळी, दाताची वेगळी.) दात साफ करून घेतले की हलायला लागतात का? (आधीच हलत होते, घाणीने धरून ठेवले होते.) मुळांत औषध भरून दात वाचवायचा की काढून टाकायचा? (घर गळतं म्हणून पाडतां काय?) दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडले तर बिघडलं कुठे? दही-भात किती दिवसांनी खायचा? ब्रश जोरात घासला तर दात पांढरे होतात का? माणूस किती साधं विचारतो, मला बरं वाटलं. मी इंग्रजीत लिहिलं: ‘आडव्या आलेल्या खालच्या अक्कलदाढेपासून जबड्यातील नस किती मिलीमीटर अंतरावर असते?’ चंद्रिकाने ते वाचलं आणि मला दुसऱ्या नंबरवरून सातव्यावर टाकलं.

डॉक्टरांचं नाव राघोत्तम राव. तंजावरकडचे मराठी आहेत हे मला आत गेल्यावर कळलं. त्यांची मराठी पोथीतून निघून तमिळच्या चालीवर चालते. खुर्चीसमोरच्या भिंतीवर फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. मी मोजले: आठ फळ्या, प्रत्येकीवर तीस, शेवटचीवर अठरा. दोनशे अठ्ठावीस माणसं, डोळे नसलेली, खुर्चीकडे तोंड करून हसत बसली आहेत. पंखा त्या बाजूला वळला की वरच्या फळीवरचे काही जबडे किंचित वाजतात. पंखा परत फिरला की थांबतात. डॉक्टर माणसाकडे बघत नाहीत. दिवा ओढतात, हनुवटी धरतात आणि थेट आत बघतात. माझ्या तोंडात ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले ते वर चौथ्या कलमात आलं आहे.

“उशीर केलास. बाळंतपण सुखरूप झालें?”

तोंडात कापूस, आरसा आणि त्यांची दोन बोटं असताना खुलासा करता येत नाही. मी ‘आं’ म्हणाले. त्यांनी होकार धरला.

“मूल बरें आहे?”

“आं.”

“मुलगी की मुलगा?”

“आं.”

“मुलगी. बरें झालें.” आणि दाढेवर आरशाच्या दांड्याने टकटक केलं. “ही तेव्हांपासून दुखते, नाहीं? मी सांगितलें होतें, पोट मोकळें झालें की ये, तेव्हां काढूं.”

बोटं निघाल्यावर मी कापूस थुंकला आणि सांगितलं, की मी कौमुदी, गिंडीला नोकरी करते, लग्न झालेलं नाही, मूल नाही, आणि इथे पहिल्यांदाच येते आहे. ते रागावले नाहीत. “नांव बदललें तरी दांत बदलत नाहींत, अम्मा,” म्हणाले, आणि तिसऱ्या फळीवरून न चाचपडता एक जबडा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

मावशी, खालच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात चार असतात. मला तीन आहेत. (घरी कोणाला माहीत नाही, खालचे दात कोण मोजतं.) डावा सुळा मधल्या बाजूला वळलेला आहे. मांडीवरच्या जबड्यातही तीन होते आणि डावा सुळा तसाच वळलेला होता. तळाशी पेन्सिलीने आकडा होता, आणि त्या आकड्याचं कार्ड चंद्रिकाने तीन मिनिटांत आणलं. ते बंद झालेल्या कार्डांच्या कपाटात नव्हतं. टेबलाच्या वरच्या खणात होतं, जिथे चालू पेशंटची असतात. कार्डावर असं आहे:

‘कुमुदिनी, वय २२. केअर ऑफ उमाकांत, रेल्वे क्वार्टर्स, पेरंबूर. ११ नोव्हेंबर १९७८. सातवा महिना. मूल: ______’

उमाकांत हे नाव मी घरात कधी ऐकलेलं नाही. शेवटच्या रेघेवर काही लिहिलेलं नाही. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर प्रश्न, मराठीत, ‘ळ’ला तू देतेस तसं जास्तीचं वेटोळं देऊन: ‘दिवस गेलेले असताना दाढ काढली तर बाळाला काही होतं का? नाही काढली, आणि मी खात नाही, तर होतं का?’ त्याखाली डॉक्टरांचं उत्तर, की आत्ता फक्त औषध घे, पातळ खा, बाळाला काही होणार नाही. आणि त्याखाली आणखी दोन शब्द: ‘येते म्हणाली.’

डॉक्टरांना मी विचारलं, अठ्ठावीस वर्षं कार्ड चालू खणात का. त्यांनी लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. जी ‘जाते’ म्हणते ती गेली. जी ‘येते’ म्हणाली, तिचें कार्ड कसें मिटवावें? (निरोप घेताना आपण ‘येते’ म्हणतो, तमिळ लोकही तसंच म्हणतात, त्याचा अर्थ कोणीही धरत नाही. हा एक मनुष्य धरतो.)

मी पर्समधलं व्हर्नियर काढलं. त्यांनी माझ्याही जबड्याचा साचा घेतला होता. प्लास्टर सुकायला चाळीस मिनिटं लागली, तेवढा वेळ मी त्या दोनशे अठ्ठावीस जणांसमोर बसून होते. दोन्ही सुळ्यांच्या टोकांमधलं अंतर: तिसऱ्या फळीवरचा जबडा, २१.४ मिलीमीटर. माझा, २१.५. याने काही सिद्ध होत नाही. कमी दात असणं घराण्यात चालतं, मावशीचं भाचीत येऊ शकतं, मी डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारून घेतलं. मोजमाप इथे संपतं. सातवा महिना मात्र घराण्यात चालत नाही, तो एकीचाच असतो. माझा जन्म २० जानेवारी १९७९. मधले दिवस सत्तर. चंद्रिकाने ही वजाबाकी माझ्याआधी, बोटांवर केली. मग तिने तमिळमध्ये विचारलं, तुमच्या आई का? मी म्हटलं, मावशी. ती ‘ओ’ म्हणाली आणि मला पाणी आणून दिलं. तमिळमध्ये ‘ओ’ला बरेच अर्थ आहेत.

निघताना मी ठरवून काहीच म्हटलं नाही, नुसती वेळ सांगितली: शुक्रवारी साडेदहा. डॉक्टर दारापर्यंत आले. पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तो त्यांना अजिबात ओळखीचा वाटला नाही, हे दिसलं. “येते म्हण, अम्मा,” म्हणाले. आत पंखा त्या बाजूला वळला होता. मी ‘येते’ म्हटलं.

बाकी सर्व क्षेम. आईला गोड बोलून गोळ्या घ्यायला लाव. दाढेची चिंता करू नये, ती साधी गोष्ट आहे, अर्ध्या तासात निघते आणि तिसऱ्या दिवशी दही-भात खाता येतो (वही क्रमांक दोन).

तुझी,
कौमुदी

ता. क. १: पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलं आहे, घरच्या नाही. घरी आलेली पत्रं आई आधी वाचते आणि मग तुला मोठ्याने वाचून दाखवते.

ता. क. २: तू सगळे दात पंचेचाळिसाव्या वर्षी एकदम काढून घेतलेस, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते आणि तुझी कवळी वाटीत होती. खाली पुढे चार दात होते. मी तेव्हाही मोजले होते. तू हसताना पदर तोंडावर धरायचीस, तो त्या वर्षापासून धरत नाहीस. आईच्या खालच्या ओळीत चार आहेत, तिचे स्वतःचे. (माझ्या आतेभावाच्या लग्नातला फोटो, भिंगाखाली.)

ता. क. ३: तू १९७८ साली बी.एड.साठी इंदूरला होतीस, असं मी लहानपणापासून ऐकते. माझं नाव तू ठेवलंस, हेही. माझ्या जन्माची नोंद साताऱ्याला आहे, पण ती एप्रिलात केलेली आहे, आणि हा उशीर आजवर बाबांचा आळस म्हणून खपला. ज्या मापाचं मूळ माप माहीत नाही, त्यावर आमच्या प्रयोगशाळेत शिक्का मारत नाहीत. मला शिक्का नको आहे. आई माझी आईच आहे, त्यात काही बदलणार नाही, आणि तिला मी काहीही विचारणार नाही.

ता. क. ४: शुक्रवारी ते कार्ड माझ्यासमोर येईल. डॉक्टर म्हणतात, दाढ निघाली की कार्ड पुरं होतं, पण रेघ मोकळी ठेवून मिटवता येत नाही. ‘मूल’ या शब्दापुढे काय लिहायचं, एवढंच हवं आहे. एक शब्द पुरेल. तो ‘नाही’ असला तर ‘नाही’ लिही. तो मी मोजणार नाही. स्पीड पोस्टने चार दिवस लागतात. उत्तर गुरुवार, १६ नोव्हेंबरपर्यंत यावं.