हात दिसले पाहिजेत

रविवार, १८ ऑगस्ट २०२४

रजत म्हणतो डीएसएलआर. मी म्हणते कॅमकॉर्डर. बापूजी म्हणतात, "अगोदर पंखा दुरुस्त करा बे!" तीन माणसं, तीन मतं. आणि जिच्यासाठी कॅमेरा घ्यायचा तिला कुणी विचारलंच नाही.

ती म्हणजे वच्छलाआत्या. बापूजींची मोठी बहीण, माझी आतेसासू. जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा पाहिली नाही. बोलतात त्या हातांनी, आणि ती बोली त्यांनी स्वतः रचलेली आहे. आमच्या घरात आणि आजूबाजूच्या चार घरांत कळते. नेरच्या बाजारात नाही कळत. मी त्यांचं बोलणं इथे शब्दांत लिहीन, आणि वऱ्हाडीतच लिहीन, कारण त्यांचे हात वऱ्हाडीच आहेत.

तर गेल्या आठवड्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. चहा लुगड्यावर सांडला. त्यांनी हात पदराखाली घेतला, मी पाहिलंच नाही असं दाखवलं. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्यांनी आवरेल पण हळूहळू वाढेल. म्हणजे आत्यांची बोली जाणार! म्हणून मीच म्हटलं, त्यांच्या सगळ्या गोष्टी व्हिडिओत धरून ठेवू.

मोबाईल? माझा नवरा रजत गेल्या वर्षी मोटर बघायला वाकला तेव्हा त्याचा मोबाईल विहिरीत पडला. लग्नापासूनचे सगळे व्हिडिओ त्यात. तेव्हा या कामासाठी मोबाईलचं नाव कोणी काढायचं नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट

आज मी ब्लाउज शिवत असताना आत्यांनी बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. मी मशीन थांबवून पाहतच राहिले. रस्त्याच्या कामावर त्या खडी फोडायच्या. मुकादम आला की — पोट पुढे, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातानं छत्री! सत्तर वर्षांच्या बाईच्या अंगात तो मुकादम शिरला की हसून पोट दुखतं. मग एकदम हात आखडले. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची मूठ. तिच्यातली अर्धी पदराच्या गाठीत, धाकट्या भावासाठी. तो भाऊ म्हणजे बापूजी. हे त्यांनी मला स्वतः कधीच सांगितलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या आत्याच. त्यांच्या बोलीत रजत म्हणजे हनुवटीवरची खूण. बापूजी म्हणजे मिशीला पीळ. चौथ्या दिवशी त्यांनी मला नाव दिलं — चिमूट करून हात वर ओढायचा. सुई! माहेरी मला कोणी इतक्या लवकर ओळखलं नव्हतं.

संध्याकाळी मात्र आमचं वाजलं. कशावरून ते इथे लिहिणार नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यांच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर हात ठेवणं, हे मला माहीत आहे.

रविवार, २५ ऑगस्ट

यवतमाळला जाऊन आलो. दुकानदार हसला — "कॅमकॉर्डर? ताई, आता कोन घेते तो!" आणि रजतच्या हातात डीएसएलआर ठेवला. रजतनं लगेच समीक्षाचा फोटो काढला. खरं सांगते, मीही हरखले. नऊ महिन्यांची माझी पोर, पापणीचा केस न् केस दिसतो, आणि मागचं दुकान, रस्ता, गर्दी सगळं लोण्यासारखं पुसलेलं! "पाहा, याले म्हणते क्लॅरिटी," रजत म्हणाला. जणू त्यानंच तो बनवला.

दुकानासमोरून वरातीचा बॅण्ड गेला. बोलणं ऐकू येईना इतका मोठा. समीक्षा खांद्यावर गाढ झोपलेली. दुकानदाराची बायको म्हणाली, "किती शांत पोरगी हाय वो तुमची! आमचा तं कुकरच्या शिटीनं उठते." मला फार बरं वाटलं. अशी गुणी पोर नशिबानंच मिळते.

घेतलं काहीच नाही. रजत म्हणतो, अगोदर किसनसिंगचा मागून पाहू. किसनसिंग त्याचा मित्र, लग्नाचे फोटो काढतो.

शनिवार, ३१ ऑगस्ट

डीएसएलआर आला. रजत त्याला पोरीपेक्षा जपून धरतो.

मंगळवार, ३ सप्टेंबर

काल पोळा, आज लेकरांचा तान्हा पोळा. समीक्षाचा पहिला! बापूजींनी सागाचा लाकडी बैल आणला, मी त्याला झूल शिवली — उरलेल्या पैठणी ब्लाउजपीसची. बैल नुसता राजा दिसत होता! गल्लीत ढोल, ताशे. समीक्षा बैलाची शेपटी चावत बसली. शेजारच्या नलूताई म्हणाल्या, "बाकीचे लेकरं दचकून रडून राह्यले, हे पाहा कशी बसली!" मी दृष्ट काढली.

दुपारी आत्यांना ओसरीवर बसवून रजतनं चित्रीकरण केलं. आत्या खुलल्या. बापूजींचं लग्न, हरवलेली गाय, मग पुन्हा मुकादम. मुकादमाच्या ऐन पोटावर कॅमेरा बंद! अर्धा तास झाला की तो स्वतःच थांबतो म्हणे. आत्या हवेत छत्री धरून तशाच.

मग टीव्हीला लावून पाहिलं. चेहरा असा सुंदर की मला भरून आलं. पण हात पुढे आले की धुक्यात. कॅमेरा चेहऱ्याला धरून बसतो, पुढे आलेल्या हातांना सोडून देतो. रजत म्हणाला, "सेटिंग करतो, होऊन जाईल."

आत्यांनी पूर्ण पाहिलं. मग रजतच्या गालाला हात लावून सांगितलं — फोटो मस्त हाय. पन याच्यात मी बोलूनच नाही राह्यली.

वाद मिटला. आम्ही दोन आठवडे भांडलो ते त्यांनी एका मिनिटात सांगितलं. मानलं बाईला!

रविवार, ८ सप्टेंबर

किसनसिंगच्या कपाटात जुना कॅमकॉर्डर निघाला. कापडात बांधलेला. "घेऊन जा वहिनी, याले आता कोनी विचारत नाही," म्हणाला. पट्ट्यात हात घालायचा आणि धरायचा, बस. रजतनं नाक मुरडलं — "जुन्या लग्नाच्या शूटिंगसारखं दिसते." दिसतं खरं. रंग फिके, चेहरा साधा. पण चेहरा, हात, मागची तुळस, तुळशीमागची सायकल, सगळं एकसारखं स्पष्ट! आणि थांबतही नाही.

किसनसिंग म्हणाला, "आवाजासाठी वेगळा माईक लावा, भाऊ." मी आत्यांना ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की दात हातात घ्यावे लागले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

गणपतीचे ब्लाउज अजून चालूच आहेत, लोक गौरी गेल्यावर जागे होतात. मी मशीनवर, शूटिंग रजतकडे. आत्या रोज एकच हट्ट धरतात — समीक्षाले पुढं बसव, मी मांगं बसतो, दोघी दिसलो पाहिजे. रजत म्हणतो, "आत्याले हीरोइनसंग फोटो पाहिजे!"

आत्या माझ्याशी बोलतात, पण जपून. मीही.

सोमवार, १६ सप्टेंबर

दुपारी आत्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. दंडाला धरून टीव्हीसमोर बसवलं. रजतला खूण केली — लाव.

ओसरी. पुढे चटईवर समीक्षा, बैलाशी खेळते आहे. मागे आत्या. त्यांच्या हातात पितळी ताट आणि पळी. त्यांनी पळी ताटावर हाणली. रजत दचकला असणार, चित्र हललं. मांजर उडी मारून पळालं. समीक्षा बैलाशी खेळते आहे. पुन्हा पळी. समीक्षानं बैल तोंडात घातला. तिसऱ्यांदा. आतून बापूजींचा आवाज, "काहून बडवून राह्यली ते ताट!" समीक्षाची मानही वळली नाही.

मग आत्या पुढे सरकल्या आणि नुसता हात हलवला, कडेला, डोळ्याच्या कोपऱ्याला दिसेल इतकाच. समीक्षानं गर्रकन वळून पाहिलं आणि हसली!

असं तीन दिवसांचं. तीनही वेळा पळी मारताना आत्यांनी सरळ कॅमेऱ्यात पाहिलेलं आहे. माझ्याकडेच. त्या मागे बसलेल्या, तरी त्यांच्या डोळ्यांतलं पाणी स्पष्ट दिसतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात पुसलं गेलं असतं.

रजत खाली बसला. म्हणाला, "मले वाटलं, त्या खेळून राह्यल्या. मी हसत होतो वं."

तो नुसता हसला, मी त्याहून वाईट केलं. आता लिहिते. एकवीस ऑगस्टला आमचं वाजलं ते यावरूनच. आत्यांनी मला साफ सांगितलं होतं — हिले ऐकू येत नाही, माह्यासारखीच हाय, डॉक्टरले दाखव. आणि मी त्यांचे दोन्ही हात धरले. दाबून धरले. बोलणाऱ्या माणसाचं तोंड दाबावं तसे. वर म्हटलं, असं अभद्र बोलू नका माझ्या पोरीबद्दल. अभद्र! ज्या बाईसारखं कोणी नाही असं मी चार वर्षं सांगत फिरते, तिच्यासारखी माझी पोर आहे हे ऐकून मी अभद्र म्हटलं.

दुसरी कोणी असती तर रुसून बसली असती. आत्यांनी थरथरत्या हातानं पुरावा तयार केला. पाय धरले मी त्यांचे. त्यांनी मला उठवलं, नाक पुसायला पदर दिला आणि सांगितलं — पहिले नागपूर.

मंगळवार, २४ सप्टेंबर

नागपूर. समीक्षाला झोपवून डोक्याला तारा लावल्या. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. जन्मापासूनच असावं. कानाचं मशीन लावू, पुढे ऑपरेशनचंही पाहू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी वहीत सगळं लिहून घेतलं, अक्षर माझं मलाच लागत नाही. मग त्यांनी विचारलं, घरात हातांनी बोलणारं कोणी आहे का? रजत म्हणाला, "आमची आत्या हाय न!" असा म्हणाला की जणू पदक मिळाल्याचं सांगतो आहे. त्या म्हणाल्या, मग तेही आजपासून चालू करा, पोरीला थांबवून ठेवू नका.

घरी बापूजी रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "बाईले लहानपनी कुठं कुठं नेलं, काय काय पाजलं. बोलाले कोनीच नाही शिकवलं, पोरी. तिनं एकटीनं केलं सारं. घरात उलटं, तिनंच आमाले शिकवलं."

एका पोरीनं, कोणी ऐकत नसताना, अख्खं घर बोलतं केलं. मी सकाळपासून रडत होते, ते ऐकून थांबले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

कॅमकॉर्डर विकतच ठेवून घेतला. किसनसिंग घेत नव्हता काही, मी त्याच्या आईचे सहा ब्लाउज शिवून देणार. रजत आता न कुरकुरता शूटिंग करतो. स्वतःच म्हणतो, "हात दिसले पाहिजेत."

काम बदललं आहे. आधी गोष्टी घेत होतो, आठवण म्हणून. आता आत्या सुरुवातीपासून सांगतात — पाणी, दूध, मांजर, ये, नको, दुखते. एकेक, सावकाश. हात थरथरला की थांबतात, डाव्या हातानं उजवा धरतात, पुन्हा करतात. गोळी घेतल्यावरचे दोन तास बरे जातात, तेवढ्यात उरकतो. समीक्षा पुढे बसून त्यांचे हात बघते, आणि मांजरासारखी पंजा उचलते.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सकाळी मशीनवर होते, दाराकडे पाठ. आत्यांनी खांद्याला हात लावला, मागे पाहा म्हणून.

उंबऱ्यात समीक्षा. माझ्याकडे बघत तिनं चिमूट केली आणि हात वर ओढला. सुई. मग पुन्हा — सुई!

किती वेळची करत होती कोण जाणे, मी पाठमोरी.

आत्यांचे हात आज फार थरथरत होते, तरी कळलं — हाक मारून राह्यली तुले. ओ दे.

मी ओ दिली.