पिटुनियाचे बी कोणी न्यावे

मी, वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करून निवृत्त झालेली, अविवाहित, उद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे लिहून ठेवत आहे. कोणाचा दबाव नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. मन नाही, मी सारखी उठून गच्चीवरच्या कुंड्या पाहायला जाते.

घर थोरल्या बहिणीला. ते तिने आत्ताच आवरायला घेतले आहे, याबद्दल माझी तक्रार नोंदवावी. बचत बहीण व भाची यांनी निम्मी निम्मी घ्यावी. सूक्ष्मदर्शक शेजारच्या शाळेला. मुलांच्या हाती द्यावा, कपाटात कोंडू नये.

आमच्या संस्थेच्या प्रमुखांना काहीही देऊ नये. एका उन्हाळ्यात काचघराचे पाणी बंद पडले आणि सगळ्या पिटुनिया करपल्या. एक तेवढी हिरवी राहिली. पाणी कमी पडले की पानांची छिद्रे मिटवणारे जनुक तिच्यात सतत जागे होते. म्हणून ती जगली, पण छिद्रे कायम मिटलेली, त्यामुळे वाढेना, फुलेना. प्रमुख म्हणाले, "फुलाविना पिटुनिया म्हणजे गवत. टाका उकिरड्यावर." त्यांच्या देखत मी ती घरी आणली. कधीतरी तिने एक कळी धरली. बहिणीच्या कुंड्यांतल्या फुलांशी संकर करत गेले. अखेर असे वाण हाती आले की ज्यात ते जनुक तहान लागल्यावरच जागे होते. हे वाण भर उन्हाच्या झळांत फुलते.

हे कळताच प्रमुखांना प्रेमाचा उमाळा आला. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या माझ्या भाचीमार्फत ते बी मागत आहेत.

सर्व बी भाचीला. मात्र तिने ती नोकरी सोडावी, अशी अट मी घातली होती. मघाशी तिला वाचून दाखवली.

"मग मला नको, मावशी," ती म्हणाली. "गहू, टोमॅटो ऐन फुलोऱ्यात करपतात. त्यांच्यात हे जनुक शोधायचं तर काचघर लागतं, ते तिथेच आहे. मला तिथे राहून भांडायचंय."

"तो प्रमुख तुला गिळून टाकेल."

"घशात अडकेन की."

बहीण दारातून म्हणाली, "दे गं तिला. छातीशी धरून काय करणारेस?"

अट खोडली आहे. शेजारी सही आहे. बी माझ्या मृत्यूनंतर द्यावे, हेही रद्द. मला धीर धरवेना. भाची आत्ताच ते घेऊन गेली. सबब या मृत्युपत्रातले मुख्य काम मी जिवंतपणीच उरकले आहे. उरलेले वरीलप्रमाणे व्हावे.

सही: लिहिणारी
साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई, तळमजल्यावरचे इलेक्ट्रिशियन. दोघांनाही यातून काही मिळत नाही.
ठिकाण: राहते घर, गच्चीलगतची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी