लेकीच्या लग्नाला, पश्चिमेकडून

सोमवार, ३
लेकीचं लग्न ठरलं. शनिवारी, १५ तारखेला, ती राहते तिकडे परदेशातच, सरकारी कचेरीत, सकाळी अकराला. फोनवर म्हणाली, बाबा, साक्षीदार म्हणून सही तुमचीच हवी, बाकी काही नको. म्हटलं, वेळेआधी हजर असेन. घड्याळांच्या दुकानात केस पांढरे झाले. वेळेच्या बाबतीत माझ्याकडे आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही. (गिऱ्हाइकं सोडून.)

मंगळवार, ४
तिकीटवाला म्हणतो, पूर्वेला बारा तासांचा प्रवास. शिवाय उतरल्यावर घड्याळ पाच तास पुढे करायचं. म्हणजे आयुष्यातले पाच तास फुकट घालवायचे! मला काय वेड लागलंय?

बुधवार, ५
दुकानात फुटबॉल आणि सुतळी घेऊन बसलो. पश्चिमेकडूनही तिथेच पोहोचता येतं! अंतर तिप्पट. पण त्या बाजूला घड्याळ सारखं मागे करायचं असतं. जेवढं उडायचं, तेवढं मागे. थोडक्यात, प्रवासाला वेळ लागतच नाही. इतकी साधी गोष्ट विमान कंपन्यांच्या डोक्यात कशी आली नाही?
दोन गिऱ्हाइकं सुतळी बघून परत गेली.

शुक्रवार, ७
तिकीटवाला म्हणाला, काका, त्या बाजूने कुणी जात नाही हो. म्हटलं, मग गर्दी नसेल. तिकीट काढलं. गुरुवारी दुकान बंद करून निघायचं, तीन विमानं, शनिवारी सकाळी लग्नात. तिकिटावर उतरायची तारीख १६ छापलीय. छपाईची चूक. पेनने १५ केली.

मंगळवार, ११
ही आज गेली. भावाबरोबर, पूर्वेकडून. निघताना म्हणाली, अहो, पुरे झालं शहाणपण, चला आमच्याबरोबर, लेक एकच आहे. मेहुणा म्हणाला, भावोजी, पृथ्वीला वळसा घालून वरात आलेली कधी ऐकली नाही. ऐकेल.

गुरुवार, १३
विमानात. उत्साह दांडगा.

शुक्रवार, १४
घड्याळ मागे केलं. हिशेब बरोबर.

शुक्रवार, १४ (अजून)
पुन्हा मागे केलं. नाश्ता दोनदा झाला. गुडघे सुजले.

शुक्रवार, १४ (अजूनही)
तिसरं विमान. खाली नुसता समुद्र. उद्या लग्न. शेजारच्या बाईंना माझी पद्धत समजावून सांगितली. त्या जागा बदलून गेल्या.

रविवार, १६
उतरलो. भिंतीवरच्या घड्याळात रविवार. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, तुमचं घड्याळ बिघडलंय, आणा, दुरुस्त करून देतो. त्या म्हणाल्या, समुद्रात तारखेची रेषा असते, पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली की एक दिवस गळतो. मी म्हटलं, पण मी माझा शनिवार वापरलेलाच नाही. त्यांनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

बाहेर सगळे उभे होते. हिने माझी बॅग स्वतःच उचलली, म्हणजे प्रकरण गंभीर. सही मेहुण्याने केली. फोटोत माझ्या जागी तोच उभा आहे, माझ्याच कोटात. चुरगळू नये म्हणून मीच तो हिच्या बॅगेत दिला होता. खांद्यात त्याला छान बसलाय, नाकारत नाही.

लेक रागावली नाही. एवढंच म्हणाली, बाबा, कचेरीवाले दार लावायला लागले तरी मी थांबायला सांगत होते. शनिवारी तुम्ही होतात तरी कुठे?

खूप आठवून पाहिलं. कुठेच नव्हतो.